नुसत्या द्रावकाची ताटली

‘पेढे नंतर वाट. आधी नुसतं द्रावक टाकून बघितलं का?’

वीस वर्षांपूर्वी वाघमारे बाई मला हे म्हणाल्या होत्या. आज त्यांच्या फोटोसमोर उभी आहे आणि दुसरं काही आठवतच नाही.

किनवटहून बाईंचे भाऊ आलेत. दादा, बाई इथं नांदेडला कॉलेजात काय करायच्या, ते सांगते. कॅन्सरवर चालतील अशी नवी संयुगं बनवायच्या. ताटलीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर ती टाकून बघायच्या. पेशी मरतात का?

मी त्यांची विद्यार्थिनी, मुरुडची. माझ्या पहिल्याच संयुगानं पेशी मेल्या, म्हणून पेढे आणले. तेव्हा बाईंनी ते विचारलं. मी बघितलंच नव्हतं. संयुगाची पूड ज्यात विरघळवतो, ते द्रावक नुसतं टाकलं. पेशी मेल्याच! संयुगाचा काही संबंधच नव्हता. मी रडले. बाईंनी पेढा खाल्ला. ‘गोड हाय. लिही आता, द्रावक जास्त झालं. पुढच्या पोरीचे पेढे वाचतील.’

तेव्हापासून प्रत्येक संयुगाच्या कुपीला नंबर, फसलेलं असलं तरी कपाटात. शेजारी वही, का फसलं ते लिहायला.

मघाशी मांडवात कुणी म्हणालं, कॅन्सरचं औषध शोधणारी कॅन्सरनंच गेली. ऐकलंय मी. मग? हरल्या का बाई? दवाखान्यात मीच त्यांना म्हणाले, ‘बाई, आपलं एकसष्ट नंबरचं संयुग ताटलीत चाललंय, देऊन बघू का?’ त्याही अवस्थेत हसल्या. ‘येडी झालीस का? उंदराला दिलं न्हाई अजून, मला देऊन राहिली?’

स्वतःच्या जिवासाठीसुद्धा त्यांनी एक पायरी गाळली नाही. याला हरणं म्हणत नाहीत. माझ्यासमोर म्हणू देणार नाही.

प्राचार्य सर, तुमचं पत्र काल मिळालं. सोमवारी बाईंचं कपाट रिकामं करायचं, खोली संगणकांना द्यायची. फसलेल्या कुप्या कुणाच्या कामाच्या, असं विचारलंत. सर, बंद रस्त्यावर पाटी लागते. नाहीतर पुढची पोरगी त्याच रस्त्यानं जाते. आणि एकसष्ट नंबर अजून फसलेलं नाही. ते पुढं मी नेणार आहे.

चला, सगळे उभे राहू. बाई, जय भीम. आता दोन मिनिटं कुणी बोलू नका.

सर, त्याआधी एवढंच. कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. एक वर्ष कपाट राहू द्या. तुम्ही ‘नाही’ म्हणणार, माहीत आहे मला. पण म्हणायचंच असेल, तर ही दोन मिनिटं संपल्यावर, इथंच, बाईंच्या फोटोकडे बघून म्हणा.