धरणाच्या पोटात जाणारे टायर

वडवणीला माझं पंक्चर निघत होतं. शेजारी दूध संघाच्या लिलावातली जुनी फोर-व्हील जीप उभी. बद्रीनाथ नावाचा पन्नाशीचा माणूस दुकानदाराशी बोलत होता, त्याची आई जीपमध्ये बसून होती.

"मोठ्या खाचांचे टायर कावून पायजेत? औंदा चिखल हाय कुठं?"

"धरणाच्या पोटात जायचंय. वरून भेगा दिसत्यात, खाली गाळ हाय."

"मग रुंद घे, अन् हवा कमी ठेव. पुढच्या चाकाचे हब हातानं फिरवून लॉक करतूस ना?"

"परवा तेच इसरलो. चारी चाकं ओढतील म्हणून गेलतो, मागची दोनच फिरली. ट्रॅक्टरनं काढलं."

"पर तिथं हाय काय?"

"आमचं गाव. पाणी आटलं तसं वर आलंय."

"माझा उंबरा दिसाय लागलाय म्हणं. चूलबी असंल," म्हातारी जीपमधून म्हणाली.

"मावशी, गाव सोडून किती वर्सं झाली?"

"ह्यो बद्री पोटात होता. त्याला अंगण दावायचंय. चुलीपुढं जरा बसंन."

"हे टायर मागवावे लागतील. आठ दिवस धरा."

"माय, तवर पाऊस आला तर समदं परत बुडंल गं."

"तीन वर्सं आला न्हाई. आनखी आठ दिवस थांब म्हणावं त्याला."

"हळू बोला मावशी! समोर टँकरला सारी गल्ली उभी हाय."

म्हातारीनं पदर तोंडाला लावला.

"हळूच म्हणते. आठच दिवस."