मदतीला आलेले

दंतवैद्याकडच्या बाकांवर पूर्वी ओळख नसतानाही गप्पा व्हायच्या. हल्ली जो तो मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसतो. त्यामुळे समोरचे दोघे बेकरीवाले भाऊ बोलू लागले, तसे बाकावरच्या एका आजींनी कान टवकारले. थोरल्याचा गाल सुजला होता, धाकट्याच्या बाहीला पीठ लागलेलं होतं.

“दादा, काल ती परग्रहवाल्यांची मालिका पाहिलीस?”

“दाढ ठणकत असताना?”

“ते माणसांच्या मदतीला येतात. फार गोड बोलतात. शत्रूला अडवायला मोठं यंत्र देतात, फुकट.”

“मग बरंच की.”

“अट एकच. माणसांनी आपलं जुनं यंत्र मोडून टाकायचं.”

“बरोबर आहे. उगाच जागा अडवतं.”

“माणसांचा कप्तानही हेच म्हणाला. मोडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं यंत्र बंद केलं आणि म्हणाले, आता बोलू या.”

“तू त्या पाववाल्या कंपनीबद्दल बोलतोयस.”

“मी मालिकेबद्दल बोलतोय.”

“अरे, तयार पीठ देणार, नवी छोटी भट्टी देणार...”

“आणि बाबांची भट्टी मोडायला उद्या माणसं पाठवणार.”

“चांगले लोक आहेत रे. दर वेळी आईची तब्येत विचारतात.”

“परग्रहवालेही कप्तानाच्या आईची विचारायचे.”

आजींचं नाव पुकारलं गेलं.

“तुम्ही जा आधी,” त्या शेजारच्या बाईंना म्हणाल्या. “मला काही घाई नाही.”

थोरल्याने बराच वेळ गाल धरून ठेवला. मग फोन लावला.

“साहेब, उद्या माणसं पाठवू नका. भट्टी राहू दे... नाही, विचार करूनच सांगतोय... आई? बरी आहे ती.”