वर्ष पुन्हा पहिल्यापासून

नाही म्हणजे नाही, वकीलबाई! ती ओळ खोडा, मग सहीचं बोला. ‘उभयता वर्षभर विभक्त राहत असून त्यांच्यात कोणताही संबंध उरलेला नाही’ — धादांत खोटं आहे हे! — हो, ओरडतेय, बाहेर बाकावर बसलेल्यांनाही ऐकू जाऊ दे. शाळेची पायरी चढले नाही मी, पण दुकानांच्या पाट्या वाचत वाचत माझी मी वाचायला शिकले. तुमचा अर्ज अक्षरन् अक्षर वाचलाय. आणि हे काय, अर्जदार क्रमांक एक म्हणजे मी? घर सोडलं ह्यांनी, घटस्फोट हवा ह्यांना — जन्मभर पहिला मान त्यांचा, आणि नेमकं इथं मला पुढं केलं होय?

बसते, बसते. पाणी नको. — संबंध कसला म्हणून काय विचारता? फ्रेमांचं दुकान आहे आमचं, दोघांचं. काच कापायला दोघं लागतात — एकानं पट्टी दाबून धरायची, दुसऱ्यानं तिच्या कडेनं काच चिरणारी हिरकणी ओढायची. हे दुकानाच्या वरच्या खोलीत राहायला गेले, तरी सकाळी खाली यायचे. मी पट्टी धरायची, हे काच कापायचे. बोलणं नाही, चालणं नाही, आणि लोकांच्या लग्नाचे फोटो मात्र जोडीनं काचेत बसवतोय — हसा, हसा, मलाही हसू येतं कधीकधी. — कामापुरतं चालतं कायद्याला? बरं. पण ह्यांच्या आजारपणाचं काय? छाती नुसती घरघरत होती. खाली आले नाहीत म्हणून मी वर गेले, ती ह्यांना बरं वाटेपर्यंत तिथंच राहिले. अंग पुसलं, चमच्याचमच्यानं पाणी पाजलं, फ्रेमांचे पुठ्ठे अंथरून खाली जमिनीवर झोपले. आता हे वेगळं राहणं की एकत्र राहणं? — बघा! म्हणजे न्यायाधीशांनी एकत्र धरलं, तर वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. मग मोजू दे की! मला कसली घाई? घाई त्यांना. दुसरी कुणी असती तर तिच्या झिंज्या धरून भांडले तरी असते. पण हे म्हणतात, ‘मला मोकळं व्हायचंय.’ मी काय दोरखंड होते?

आणि ते दोन तारखांचं पुन्हा सांगा. पहिल्या तारखेला न्यायाधीश विचारणार, दोघं राजीखुशीनं आलात ना; मग मध्ये काही महिने विचार करायला; मग परत बोलावून तेच विचारणार. आणि तोवर कुणीही संमती मागं घेऊ शकतं — म्हणजे हेसुद्धा? समजा आयत्या वेळी हे ‘नको’ म्हणाले तर? किंवा आलेच नाहीत तर? — किती वेळा विचारलं म्हणजे? विचारणारच! म्हातारीच्या डोक्यात शिरायला वेळ लागतो. — अशा बघू नका माझ्याकडे. आस लावून बसलेली नाही मी. तापात माझं मनगट धरून ठेवलं होतं ह्यांनी, सुटता सुटेना. आणि डोळे मिटूनच म्हणाले, ‘दाबून धर, सरकू देऊ नकोस.’ काच कापताना जन्मभर हेच म्हणत आलेत. मला वाटलं — जाऊ दे, काय वाटलं ते. तुम्ही आपलं वर्ष पहिल्यापासून धरा, एवढंच सांगतेय. वर्षभरात माणसाचं मन काय —

काय? काल आले होते? ह्याच खुर्चीत बसले होते? — बरं, मग तुम्ही त्यांनाही विचारलंत, मध्ये कधी एकत्र राहिलात का म्हणून. मग? — पुन्हा सांगा. ‘आजारात एकटाच पडून होतो, कुणी आलं नव्हतं.’ — असं म्हणाले? — नाही हो, विसरले कसे असतील? बरं वाटल्यावर माझ्याकडूनच दाढी करून घेतली. मी आरसा धरला होता. म्हणाले, कल्ला वाकडा झाला. — कुणी आलं नव्हतं म्हणाले?

पाणी नको म्हटलं ना. राहू दे ती ओळ. खोडू नका. पेन द्या इकडं, आणि कुठं सही करायची तिथं बोट ठेवा, मला आत्ता नीट दिसत नाहीये. बरोबर सांगितलं त्यांनी, वकीलबाई — मी गेलेच नव्हते.