फोटोमागचे तीन आकडे

नाय नाय ताई, फोटोला हात नका लावू — कॉम्प्युटरचं बाकी सगळं उघडा, स्क्रू काढा, पाठचा पत्रा काढा, माझी काय ना नाय, पण त्या बाजूच्या पत्र्यावर देवीचा फोटो हाय ना, तो तसाच राहू द्या. गडावरून आणलेला हाय, सप्तशृंगीचा. चोवीस वर्षं झाली, जागचा हललेला नाय. तुम्ही बसा — थांबा, स्टूल पुसतो, इथं सगळ्याला तेल लागलेलं असतं. आणि ते झेंडूचं फूल आत पडलंय का बघा, परवाच्या दसऱ्याचं हाय, काढून टाका. किती वाजले? साडेदहा? साडेदहा वाजले पण?

परत सांगू? सांगतो की. हा कॉम्प्युटर या भट्टीचा मालक हाय असं समजा. भट्टीत गिअर जातात, किती तापवायचे, किती वेळ ठेवायचे, कधी तेलात सोडायचे, सगळं हा सांगतो. वर्षभर चालू असतो, रात्रंदिवस, फक्त दसऱ्याच्या पूजेला अर्धा तास बंद — हळदकुंकू, नारळ, आपट्याची पानं, आणि लगेच चालू. दरवर्षी मीच करतो, भिकन आहेरशिवाय याला कोण हात लावत नाय. पण यंदा रविराज शेठ म्हणाले, भिकनभाऊ, दोन दिवस सुट्टी देऊ सगळ्यांना, राहू द्या बंद. मी म्हणालो नको शेठ, तो जुना हाय, त्याला झोपायची सवय नाय. हसले. आज सकाळी सात वाजता आलो, बटण दाबलं — पंखा फिरला, डिस्कचा आवाज आला, माझ्या जिवात जीव आला — आणि मग पडद्यावर काय, तर तारीख एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी, आणि खाली, डिस्क सापडत नाय. अहो, आवाज येतोय की डिस्कचा! सापडत नाय म्हणजे काय, घरात बसलेल्या माणसाला घरात नाय म्हणायचं? मी बारा वेळा बंद-चालू केलं. तेराव्या वेळेला हातच उचलेना.

मग तुम्ही आलात. आल्या आल्या तुम्ही काहीतरी भरलंत आत, तेव्हा निदान सुरुवातीच्या चारातली दोन अक्षरं तरी उमटली — एल आणि आय — आणि पुढं ठप्प. आता ती दोन अक्षरंच बघतोय अर्धा तास. चांगलं लक्षण म्हणता? म्हणजे डिस्क जिवंत हाय? खरं? खरंच ना? बरं नाय वाटत हो मला, घाम येतोय आणि भट्टी तर थंडगार हाय.

सेल? कुठला सेल? — हा? एवढासा? घड्याळात असतो तसला? एवढ्यासाठी माझ्या तोंडचं पाणी पळालं! हाय तुमच्या बॅगेत? मग घाला की ताई, वाट कसली बघता? आकडे? कसले आकडे? … असं. म्हणजे डिस्कचे तीन आकडे हा सेल लक्षात ठेवत होता, आता तो गेला आणि आकडे पण गेले. नव्या मशीनला आपोआप कळतं, या म्हाताऱ्याला सांगावं लागतं. आणि तुम्ही अंदाजानं भरले ते चुकीचे, म्हणून दोन अक्षरांवर अडलंय. डिस्कवर लिहिलेले असतात? बघितलं तुम्ही, तेलानं पुसून गेलेत. कागदावर? नाय. कागद-बिगद काय नाय. कुठंच लिहिलेले नाहीत. मला कसे माहीत असणार? मी सांगतोय ना नाय म्हणून.

रागावू नका. घाबरलोय मी, दुसरं काय नाय. रविराज शेठचा फोन आला होता आठला. ओरडले नाहीत, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, बारापर्यंत बघतो भिकनभाऊ, नाहीतर पुण्याची माणसं येऊन याच्या जागी नवीन पॅनल बसवतील. आणि मग म्हणाले — मग तुम्हाला पण आराम. आराम! अकरा महिने राहिलेत माझे रिटायर व्हायला. त्या जाळीत बघा, गिअर भरून ठेवलेत, तीन जाळ्या. इथली पोरं मला मास्तर म्हणतात. लिनक्सवाले मास्तर. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, कोणाला बोलू नका — मला चार कमांड येतात. चार. आरतीसारख्या पाठ हायत, अर्थ माहीत नाय. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती चोवीस वर्षं झाकून ठेवली. शेठनं दहा वेळा सांगितलं, कोणाला तरी शिकवून ठेवा, याची एक कॉपी करून ठेवा. मी म्हणालो, या मशीनची कॉपी होत नाय. होते? … होते, मला माहीत हाय की होते.

बसवला कोणी? मीच. म्हणजे — मी होतो बरोबर. ललित म्हणून होता एक. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, मेंटेनन्सलाच. पुस्तकं वाचायचा, जेवणाच्या सुट्टीत पण. त्यानंच मोठ्या शेठला सांगितलं, रविराज शेठच्या वडलांना, की कंपनीचं पॅनल परत परत बिघडतंय तर आपण कॉम्प्युटर लावू, लिनक्स फुकट हाय. फ्लॉपीवरून बसवला होता ताई! पस्तीस फ्लॉप्या! मी एकेक द्यायचो आणि तो घालायचा, आणि सतराव्या फ्लॉपीवर मशीन म्हणाली वाचता येत नाय — की पुन्हा पहिल्यापासून. तीन दिवस. मग पडदाच दिसेना. मग पडदा दिसला तर भट्टीची वायर जिथं लागते ते कार्ड दिसेना, ते आणि प्रिंटर एकाच नंबरावर भांडत होते. ललितनं चिमट्यानं एवढीशी काळी टोपी काढून शेजारच्या दोन काट्यांवर बसवली, आणि मला म्हणतो, भाऊ, बघा, दोघांचा बांध घालून दिला, आता भांडणार नाहीत. आठव्या दिवशी भट्टी तापली. मोठ्या शेठनं पेढे वाटले. मला पण हार घातला, मी फ्लॉप्या दिल्या होत्या ना.

कुठं गेला? … गेला सोडून. म्हणजे काढलं त्याला. दसऱ्यानंतरच. तो दसऱ्याला नसायचा इथं, आईला घेऊन दरवर्षी नागपूरला जायचा, दीक्षाभूमीला. त्या साली पण गेला. आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भट्टी बहकली, शंभर सांगितले तर दीडशे तापायची, अख्खी जाळी तडकली. गिअरला अशा भेगा, केसासारख्या. इथली माणसं म्हणाली, हा पूजेला थांबत नाय, मशीनला कुंकू लावत नाय, म्हणून मशीन कोपली. म्हणायला काय लागतं? मोठे शेठ तसले नव्हते, त्यांनी मला विचारलं, भिकन, काय झालं? मी म्हणालो — मी एवढंच म्हणालो की जायच्या आदल्या दिवशी तो त्यात काहीतरी करत बसला होता. खोटं नाय ते. तो रोजच काहीतरी करत बसायचा. तो परत आला, बॅग खांद्यावरच होती, चार तासांत सगळं नीट केलं त्यानं, आणि संध्याकाळी शेठनं त्याला सांगितलं, उद्यापासून नको येऊ. बस्स. एवढंच.

असं काय बघताय? किती वाजले? — सव्वाअकरा! ताई, अजून अंदाजानं भरून बघा ना. किती प्रकारचे आकडे असतील असे? हजारो? हजारो… चुकीच्या आकड्यांवर काही लिहिलं गेलं तर डिस्कवरचं सगळं जाईल? मग नको. नको नको, हात काढा.

ताई. ताई, ऐका. फोटोमागं हायत आकडे.

काखेत कळसा म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. ललितनं चिठ्ठी चिकटवली होती जाताना, त्या पत्र्यावर. मी फोटो लावला त्याच्यावर. का म्हणजे? देवीचा फोटो कुठंतरी लावायचाच होता. तुम्ही नका काढू, मीच काढतो, पाप लागलं तर मला लागू दे. ते ओलं फडकं द्या. आई, माफ कर गं. कुंकवाचा केवढा थर बसलाय बघा, चोवीस दसरे. निघाला… निघाला, कोपरा तेवढा फाटला.

हे त्याचं अक्षर. पिवळं पडलंय पण वाचता येतंय. मी वाचतो, तुम्ही भरा, तुम्ही इकडं नका बघू. डिस्क — एक हजार अठ्ठेचाळीस. सोळा. त्रेसष्ट. परत सांगतो, हजार अठ्ठेचाळीस, सोळा, त्रेसष्ट. सेल पाच वर्षांनी बदलणे — हे पण लिहिलं होतं बघा त्यानं, आणि मी… भरलेत? बस्स, झालं मग, खाली काय नाय. असंच काहीतरी हाय. नका वाचू — ताई, नका —

… वाचलंत.

“बंद करताना आधी शटडाऊन, मग बटण. दसऱ्यालासुद्धा. प्लग ओढू नका भिकनभाऊ.”

हो. मी ओढला होता. पूजेची घाई, भटजी खोळंबलेले, ती कमांड मला आठवेना, आणि सगळे बघत होते — आठवत नाय असं सगळ्यांसमोर कसं म्हणायचं? हार घातलेला माणूस मी. वाकलो आणि ओढला प्लग. पूजा झाल्यावर मीच चालू केला, पडद्यावर भराभरा काहीतरी आलं, हो का नाय विचारत होता, मी प्रत्येकाला हो हो दाबत गेलो. भट्टीचे आकडे त्यातच गेले असणार. आणि ललितला हे सगळं आल्या आल्या कळलं होतं ताई. या मशीनमध्ये लिहून राहतं म्हणे, कधी बंद झाली, कशी झाली, त्या वेळी कोण होतं. चार तास बसला होता तो, त्यानं वाचलं नसेल? शेठसमोर उभा होता, मी शेजारी उभा होतो. एक शब्द नाय बोलला. माझी दोन लेकरं लहान होती तेव्हा, त्याला माहीत होतं. का त्याला वाटलं, बोलून उपयोग नाय, आपलं कोण ऐकणार इथं? ते मला अजून कळलेलं नाय. फक्त ही चिठ्ठी लावली आणि गेला. रोज कामाला आलो की समोर हे अक्षर. आठ दिवस सहन केलं, नवव्या दिवशी गडावर गेलो आणि फोटो आणला. लोकांना वाटतं भिकनभाऊ देवभोळा हाय.

भेटला होता एकदा. पाथर्डी फाट्यावर, बाजारात, दोन वर्षं झाली. केस पांढरे झालेत. मी लगेच पाठ फिरवली, मेथीची जुडी बघत राहिलो. त्यानं मागून हाक मारली — भिकनभाऊ, मशीन चालू हाय का अजून? मी म्हणालो, हाय. बरं वाटलं, म्हणाला. एवढंच.

अहो — ते काय! ताई, पुढं गेलं! एल आय एल ओ — चारही अक्षरं आली! या ओळी, या ओळी याच, दर दसऱ्याला चालू करताना याच येतात! थांबलं का? तपासतोय? बरेच दिवस तपासलं नाय म्हणून तपासतोय — तपास बाबा, निवांत तपास. आला! नाव विचारतोय. काय टाकायचं? — ललित. ललितच टाकायचं, इंग्रजी एल ए. दुसरं नाव कधी घातलंच नाय मी, रोज सकाळी सात वाजता हेच टाकतो. तो बघा भट्टीचा हिरवा दिवा.

नाय, रडत नाय. सांगणार हाय मी रविराज शेठना. आज सांगणार. अकरा महिने राहिलेत, काय करतील? मोठे शेठ गेले, ललित हाय अजून, त्याला बोलवा म्हणतो, एकदा येऊन बघ म्हणतो तुझी मशीन, मीच फोन लावतो, चिठ्ठीच ठेवतो शेठच्या हातात, हे घ्या, वाचा — गाडी आली का? गेटचा आवाज आला ना? बारा नाय वाजले अजून. बारा कुठं वाजलेत!

— या शेठ! या! झालं, चालू झालं! बघा, हिरवा दिवा. नाय, विशेष काय नव्हतं, सेल गेला होता एवढासा. आकडे? पाठ हायत ना शेठ. चोवीस वर्षं झाली, पाठ नसतील तर काय. ताई होत्या मदतीला. तो? तो कागद? काय नाय, जुना कागद हाय, फोटोच्या मागचा. फोटो निघाला होता जरा, लावतोय.

ताई, तो डिंक सरकवा इकडं. वाकडा बसला? बसू दे वाकडा. तुमचं झालं ना आता? मग या तुम्ही. या म्हणतोय ना. जाताना दार ओढून घ्या.