सोडतीत लागलेली बंदूक

चर्चच्या आवारात पोलीस लोकांच्या नकोशा बंदुका जमा करून घेत होते. वडिलांचं जुनं पिस्तूल घेऊन रांगेत उभ्या असलेल्या रोवेनाच्या कानावर पुढच्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं पडत होतं.

“अरे हार्लन, ही तर नवीकोरी दिसतेय!”

“सिनेटरसाहेबांच्या प्रचाराच्या सोडतीत लागली होती.”

“नशीब काढलंस लेका. आता वितळवतील बिचारीला.”

“कसली वितळवतात! लिलावात विकतात. तसा कायदाच आहे.”

“असला कायदा केला कुणी?”

“सिनेटरसाहेबांनीच. लिलावाचा ठेका मेहुण्याकडे.”

“म्हणजे पुढच्या सोडतीत पुन्हा हीच?”

“पुन्हा मलाच लागली नाही म्हणजे मिळवली.”

“एवढं माहीत असून उन्हात कशाला तापतोयस मग?”

“धाकटा मुलगा घरी परत आलाय. महिना झाला, कुणाशी बोलत नाही. परवा माझ्याकडे बंदुकीच्या कपाटाची किल्ली मागितली.”

रांग एक पाऊल सरकली.

“पण हार्लन, लिलावातून ही ज्याच्या घरी जाईल, तिथंही असेल ना रे असा कुणीतरी?”

“असेल की. मग त्याचा बाप येऊन उभा राहील इथं.”