आबांचं खाकरणं

स्वतःच्याच घरात विचारून शिरणारा माणूस बघितलाय का कुणी? आमचे आबा तसे. मी नवऱ्याचं घर सोडून छावणी भागात माहेरी आले, तेव्हा आई गेलेली होती. बापलेकीत झोपायला एकच खोली, दोन खाटा टाकल्या की संपली, आणि तिचं दार थेट गल्लीत. पोरगी आत कपडे बदलत असंल म्हणून आबा बाहेरून आधी खाकरायचे. मी "या" म्हटलं की मगच आत.

पुढं त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं नि आवाजच गेला. घरी आणल्यावर दुसऱ्याच दिवशी बघते, तर आबा दाराबाहेर उन्हात उभे.

"आबा, आत का येत नाय?"

त्यांनी घशाकडं बोट दाखवलं.

"मग दार वाजवा की!"

नुसते ओठ हलवून म्हणाले, "माझ्याच घराचं?"

लई डोकं फिरलं माझं. "आजपासून मी कडीच लावणार नाय. ढकलायचं नि यायचं. कळलं?"

मान हलवली, पण ऐकतील तर शपथ. मी डोकावेपर्यंत उभेच राहायचे.

एकदा भर उन्हाळ्यात मी ड्यूटीवरून आले, आबा बाहेर गेलेले, आडवी झाले नि डोळा लागला. उठले तेव्हा ऊन उतरलं होतं. आबा अजून कसे आले नाय, म्हणून बाहेर आले, तर पायरीवर भिंतीला टेकून बसलेले. खांद्याला हात लावला, तशी मान कलंडली.

आत यायला म्हणून चपला काढून ठेवल्या होत्या. अन् दार नुसतं लोटलेलं होतं.