पडकी कमान

नागेश : मिस्त्री, ही कमान अख्खी कशी झाली? मी पडकी सांगितली होती!

महादू : सांगितलीत, साहेब. पण अर्धं काम सोडवेना. राजापुरात बापानं चिरे लावायला शिकवलं, पाडून ठेवायला नाय. म्हटलं, लागल्या हाती पुरी करून टाकू.

नागेश : अहो, हॉटेलवाल्याला बागेत अवशेषच हवेत! इंग्लंडातल्या साधूंचा मठ, आठशे वर्षांपूर्वीचा, आता एवढाच उरलाय. त्याचाच फोटो दिला होता ना, तश्शीच बांधायला? चार वाजता गोरा कन्सल्टंट इन्स्पेक्शनला येतोय. त्यानं रिजेक्ट केलं तर तुमचं फोरमनपद खलास. मॅनेजरशी भांडून तुमचं नाव दिलंय मी!

महादू : मग फोरमन झालोच समजा.

नागेश : कसे होणार? थांबा, अल क्वोजच्या गोदामातून ब्रेकर मागवतो. अर्ध्या तासात फोडतील.

महादू : ब्रेकरचं नाव काढू नका! फोडलेलं वेगळं, पडलेलं वेगळं. फोटो नीट बघा. काय दिसतं?

नागेश : दगड. दुसरं काय?

महादू : नसलेले दगड बघा. ही आपली आपण पडलेली नाय. ह्या उजव्या खांबाचे घडीव दगड लोकांनी नेलेत, हाताला लागले तेवढे. कोणी घर बांधलं असेल, कोणी गोठा. मग वरचं खाली आलं. आमच्या गावच्या गढीचं असंच झालं. गावातल्या निम्म्या जोत्यांत गढीचेच दगड हायत.

नागेश : बरं, मग?

महादू : मग त्यांनी जसे नेले, तसेच मी काढतो. एकेक करून. सांध्यातला मसाला अजून कच्चा हाय. टेकू धरायला दोन माणसं द्या, नि तुम्ही जरा लांब उभे राहा.

नागेश : आणि नाही जमलं तर?

महादू : बांधलीय मी, साहेब. कुठला दगड कशावर बसलाय ते मलाच ठाऊक. यल्ला, चला, माणसं बोलवा!

(साडेचार वाजलेत. कन्सल्टंटची गाडी फाटकाबाहेर पडते आहे.)

महादू : काय बोलला गोरा?

नागेश : अ‍ॅप्रूव्ह! जागेवर सही केली. फोरमन, अभिनंदन!

महादू : फोटोशी ताडून बघत होता मघापासून.

नागेश : बघितलं ना. म्हणाला, असे नकली अवशेष इथे पुष्कळ पाहिले, सगळे खोटे दिसतात. ही एकच कमान बघून वाटतं, की कधीकाळी खरंच अख्खी उभी होती.

महादू : होतीच की, साहेब. आज दुपारपर्यंत.